रेझ्युमेत नुसतं ‘मदत केली’ नको, काय बदललं ते लिहा

नोकरीचा अनुभव नाही म्हणून बरेच विद्यार्थी रेझ्युमेतला ‘अचिव्हमेंट्स’चा रकाना रिकामा सोडतात. पण अचिव्हमेंट म्हणजे फक्त बक्षीस नव्हे. तुम्ही केलेलं काम आणि त्यामुळे पडलेला फरक, हीसुद्धा अचिव्हमेंटच.

समजा, सोलापुरात भवानी पेठेत राहणारी बी.कॉम.ची विद्यार्थिनी घरच्या चादर-टॉवेलच्या दुकानाचा हिशेब पाहते. ‘दुकानात वडिलांना मदत केली’ यातून मुलाखत घेणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी तिला असं लिहिता येईल: ‘४० ग्राहकांची उधारी वहीतून एक्सेलमध्ये आणली; महिन्याचा हिशेब तीन दिवसांऐवजी एका दिवसात होऊ लागला.’ काय केलं, किती केलं आणि त्यातून काय झालं, या तिन्ही गोष्टी एका ओळीत आल्या.

एनएसएसचंही तसंच. नियमित स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम करावं लागतं. शिवाय सात दिवसांचं विशेष शिबिर असतं. ‘एनएसएस स्वयंसेवक’ एवढंच लिहिलं तर ही सगळी मेहनत झाकली जाते. तास लिहा आणि शिबिरात तुमच्याकडे कोणती जबाबदारी होती, तेही लिहा.

आकडा मात्र खराच हवा. तो कसा काढला, हे मुलाखतीत विचारलं जाऊ शकतं. नेमका आकडा माहीत नसेल तर ‘सुमारे’ लिहा. काम गटाने केलं असेल, तर त्यातला आपला वाटा तेवढाच सांगा.