फोटो जागेवर, पण व्ह्यू गायब! शेअरपॉइंटमधले व्ह्यू कोडने पुन्हा कसे उभे करायचे?

आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण घाबरू नका. आधी माझ्या दुकानात काय झालं ते ऐका.

माझं दुकान नऊवारी, शेरवानी आणि दागिने भाड्याने द्यायचं. सगळ्या वस्तूंचे फोटो शेअरपॉइंटच्या एका फोटो लायब्ररीत आहेत. प्रत्येक फोटोला कोड, साईज, भाडं आणि स्थिती असे रकाने. स्थिती म्हणजे ‘मोकळी’, ‘बुक’, ‘बाहेर’ किंवा ‘धुलाईला’. काउंटरवरच्या टॅबवर कायम एकच व्ह्यू उघडा असतो, ‘मोकळ्या वस्तू’. गिऱ्हाईकाला त्यातलंच दाखवायचं, हा आमचा नियम.

तुळशीचं लग्न झालं आणि गर्दी सुरू झाली. एका संध्याकाळी नवीन मुलाने टॅबवर ‘साफसफाई’ करताना तो व्ह्यूच डिलीट केला. लायब्ररी सगळे फोटो दाखवायला लागली. दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या ताईंनी त्यातूनच एक जांभळी नऊवारी दाखवली आणि ॲडव्हान्स घेतला. साडी दुकानात टांगलेली होती, पण त्याच मुहूर्तासाठी आधीच बुक होती!

नवरीची आई म्हणाली, “अहो ताई, पोरीने सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवलाय. आता मी तिला काय सांगू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओळखीच्या दुकानदाराकडून तशीच साडी आणली, भाडं मी भरलं, त्यांच्याकडून एक रुपया घेतला नाही. पैसे गेले त्याचं फार वाटलं नाही. त्या माउलीचा चेहरा मात्र अजून आठवतो.

चूक त्या मुलाची नाही, माझी. का, ते पुढे सांगते.

व्ह्यू म्हणजे नक्की काय?

दुकानातला माल तोच असतो, पण शोकेसमध्ये काय लावायचं ते तुम्ही ठरवता. व्ह्यू म्हणजे ती शोकेस. कोणते रकाने दाखवायचे, कोणत्या अटीने गाळायचं, कशाच्या क्रमाने लावायचं आणि एका पानावर किती, एवढंच त्यात असतं. म्हणून व्ह्यू उडाला तरी फोटो उडत नाहीत. पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. डिलीट झालेला फोटो रिसायकल बिनमध्ये सापडतो, डिलीट झालेला व्ह्यू तिथे सापडत नाही. तो नव्यानेच बनवावा लागतो.

मग कोड कशाला?

एक व्ह्यू हाताने बनवणं सोपं आहे. पण माझ्याकडे सात व्ह्यू आहेत आणि उद्या दुसरी शाखा काढली तर तिथेही तेच सात लागणार. हाताने करताना एखादी अट राहतेच. कोडला दमायला होत नाही. यासाठी पीएनपी पॉवरशेल हे मोफत साधन वापरायचं. सप्टेंबर २०२४ पासून त्याच्या लॉगिनसाठी तुमच्या स्वतःच्या खात्यात एक ॲप नोंदवावं लागतं. ते काम एकदा जाणकाराकडून करून घ्या.

पायऱ्या अशा:

१. सगळं नीट चालू आहे तेव्हाच नोंद काढा. ‘गेट-पीएनपी-व्ह्यू’ ही कमांड प्रत्येक व्ह्यूची माहिती देते. नाव, रकाने, क्वेरी, पानावरची संख्या आणि डिफॉल्ट कोणता, हे फाईलमध्ये साठवा. क्वेरी म्हणजे गाळणी आणि क्रम. ती अक्षरशः जशीच्या तशी ठेवा.

२. आधी रकाने, मग व्ह्यू. नवीन लायब्ररीत ‘स्थिती’ हा रकानाच नसेल, तर त्यावरची अट कुठे बसणार?

३. आहे का ते तपासा, नसेल तरच बनवा. त्यासाठी ‘ॲड-पीएनपी-व्ह्यू’. ही तपासणी नसेल तर कोड दोनदा चालवल्यावर गोंधळ होतो.

४. दिसणं परत आणा. नवा व्ह्यू साध्या यादीसारखा येतो. फोटो मोठे दिसायला हवे असतील तर त्याचा प्रकार ‘टाइल्स’ करावा लागतो.

५. शेवटी डिफॉल्ट ठरवा आणि लिंक पुन्हा पाठवा. नव्या व्ह्यूला नवा आयडी मिळतो. जुन्या लिंकमध्ये जुना आयडी असेल, तर टॅबवरचा शॉर्टकटही बदला.

तुमच्याकडे जुनी, स्वतःच्या सर्व्हरवरची शेअरपॉइंट असेल तर तिथे ‘पिक्चर लायब्ररी’ हा वेगळा प्रकार भेटेल. त्यात छोटी चित्रं, फिल्मस्ट्रिप असे खास देखावे असतात. तिथे कोडने कोरा व्ह्यू बनवला की नुसता तक्ता मिळतो. उपाय म्हणजे आधीच्या चांगल्या व्ह्यूची ‘क्लोन’ करून नक्कल काढायची आणि मग तिची अट बदलायची.

मराठी नावांचा सापळा

रकान्याला थेट ‘स्थिती’ नाव दिलंत, तर आतलं नाव भलतंच बनतं. ‘क’ या एका अक्षराच्या जागी अंडरस्कोअर, एक्स, ०९१५ आणि पुन्हा अंडरस्कोअर अशी सात चिन्हं येतात. काना-मात्रा वेगळी मोजली जाते. आतलं नाव ३२ चिन्हांवर कापलं जातं. कोडमध्ये मात्र हेच आतलं नाव लागतं! म्हणून रकाना आधी छोट्या इंग्रजी नावाने बनवा, मग नाव बदलून मराठी करा. दिसायला मराठी, आत सुटसुटीत.

आणखी एक. वस्तू ५००० च्या वर गेल्या की गाळणी अडायला लागते. ज्या रकान्यावर गाळता, त्याला आधीच इंडेक्स लावा.

आता माझी चूक

शेअरपॉइंटमध्ये साइटच्या सदस्यांना सुरुवातीला ‘एडिट’ हक्क असतो. त्यात सगळ्यांचे व्ह्यू बदलणं आणि डिलीट करणंही येतं. मी तो तसाच ठेवला होता. काउंटरला ‘कॉन्ट्रिब्यूट’ पुरतो. फोटो टाकता येतात, स्थिती बदलता येते, पण सामायिक व्ह्यूला हात लावता येत नाही. गल्ल्याची चावी आपण सगळ्यांना देत नाही ना? तसंच हे.

शेवटी खरं सांगू? तुमच्याकडे पन्नास वस्तू असतील तर एवढं काही नको, वही पुरेल. पण त्या वहीच्या पहिल्या पानावर तुमचा नियम लिहून ठेवा. कोणती वस्तू गिऱ्हाईकाला दाखवायची आणि कोणती नाही, हे फक्त मालकाच्या डोक्यात असेल तर धंदा मालकाच्या हजेरीवर चालतो.

आजच करायचं काम: तुमच्या व्ह्यूंची यादी काढा, प्रत्येकासमोर अट लिहा आणि हक्क तपासा. कोड मी व्हिडिओत टाईप करून दाखवलाय. आधी रिकाम्या लायब्ररीवर चालवून बघा, मगच खऱ्यावर. भेटू पुढच्या भागात!