हाड मूत्रपिंडाला काय सांगते?

गोंदिया जिल्ह्यात उन्हाला तोटा नाही. तरीही धानाच्या बांधीत दिवसभर खेळणाऱ्या एखाद्या मुलाचे पाय धनुष्यासारखे वाकलेले दिसू शकतात. हाच मुडदूस. बहुतेक वेळा ड जीवनसत्त्वाची वा कॅल्शियमची कमतरता हे त्याचे कारण असते. पण नेहमीच नाही.

उन्हामुळे त्वचेत तयार झालेले ड जीवनसत्त्व यकृतात व नंतर मूत्रपिंडात बदलून क्रियाशील होते. मग आतड्यातून कॅल्शियम व फॉस्फेट नीट शोषले जाते. रक्तातील कॅल्शियम उतरले, की परावटू ग्रंथींचे संप्रेरक मूत्रपिंडातील हा बदल वाढवते. फॉस्फेटवर मात्र खुद्द हाडाची नजर असते. २००० साली उजेडात आलेले ‘एफजीएफ-२३’ हे संप्रेरक हाडातील पेशी स्रवतात. ते मूत्रपिंडाला दोन निरोप देते : फॉस्फेट लघवीवाटे जाऊ दे आणि क्रियाशील ड कमी बनव.

काही मुलांत जनुकातील दोषामुळे हे निरोप अखंड जात राहतात. शरीरात फॉस्फेट टिकत नाही आणि त्याशिवाय हाड कठीण होत नाही. अशा मुलाला नेहमीचे ड जीवनसत्त्व पुरत नाही. उलट मात्रा वाढवत नेल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडालाच इजा होऊ शकते. त्याला वैद्यकीय देखरेखीखाली फॉस्फेट व क्रियाशील ड द्यावे लागते. एफजीएफ-२३ला अडवणाऱ्या औषधालाही २०१८ मध्ये युरोप-अमेरिकेत मान्यता मिळाली.

म्हणून वर्गात असा विद्यार्थी दिसला, तर केवळ आहाराला दोष देऊन थांबू नये. कॅल्शियमबरोबर रक्तातील फॉस्फेटही तपासून घ्या, असे पालकांना सुचवावे. उपचार जितके लवकर, तितकी पाय सरळ होण्याची आशा अधिक.