सोन्याच्या खाणीत न्यूट्रिनोचा शोध

कर्नाटकातील कोलारची सोन्याची खाण जगातील अत्यंत खोल खाणींपैकी एक होती. तिच्या काही भागांची खोली तीन किलोमीटरपर्यंत पोहोचली होती. सोन्यासाठी खणलेल्या या बोगद्यांत सुमारे चार दशके भारतीय मूलकणशास्त्राचे प्रयोग चालले.

अंतराळातून येणारे विश्वकिरण वातावरणातील अणुकेंद्रांवर आदळले की अल्पायुषी पायॉन निर्माण होतात आणि त्यांच्या विघटनातून म्यूऑन व न्यूट्रिनो जन्मतात. म्यूऑनवर विद्युतभार असतो. ते जमिनीत खोलवर शिरतात, पण वाटेत ऊर्जा खर्च होऊन अखेर थांबतात. न्यूट्रिनोला विद्युतभार नसतो आणि तो सहसा कशातच अडकत नाही, पृथ्वीच्याही आरपार जातो. क्वचितच एखादा न्यूट्रिनो खडकातील अणुकेंद्रावर आदळतो व त्यातून नवा म्यूऑन बाहेर पडतो. जमिनीच्या पृष्ठभागावर वरून येणाऱ्या म्यूऑनांच्या गर्दीत हा नवा म्यूऑन ओळखणे अशक्यप्राय असते. म्हणून डोक्यावर खडकाचा जाड थर लागतो.

कोलारमध्ये तो आयता उपलब्ध होता. होमी भाभा यांच्या प्रेरणेने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील बी. व्ही. श्रीकंटन यांनी 1950 च्या दशकाच्या आरंभी तेथे वेगवेगळ्या खोलीवर म्यूऑन मोजायला सुरुवात केली. पुढे मियाके, नरसिंहम आणि रमणमूर्ती यांनी ही मोजणी आणखी खाली नेली. सुमारे 2,760 मीटर खोलीवर त्यांचे उपकरण जवळपास दोन महिने चालू होते, पण एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. ही रिकामी नोंदच मोलाची ठरली. इतक्या निवांत जागी न्यूट्रिनोचा माग काढता येईल, हे तिने दाखवून दिले.

त्यानंतर टाटा संस्था, जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि ब्रिटनचे डरहॅम विद्यापीठ यांनी सुमारे 2,300 मीटर खोलीवर संयुक्त प्रयोग उभारला. भारतीय गटाचे नेतृत्व एम. जी. के. मेनन यांच्याकडे होते. त्या खोलीवर पोहोचणारे वातावरणातील म्यूऑन बहुतेक उभ्या दिशेने येतात, तर न्यूट्रिनोजन्य म्यूऑन कोणत्याही दिशेने येऊ शकतात. त्यामुळे सिंटिलेटरच्या, म्हणजे कण गेल्यावर प्रकाशणाऱ्या पदार्थाच्या, भिंती समोरासमोर उभ्या करून आडवे जाणारे कण टिपण्याची योजना केली गेली. दोन्ही भिंतींत एकाच वेळी संकेत उमटला की मधल्या निऑन नळ्यांना उच्च दाबाची वीज मिळे. कणाच्या वाटेवरच्या नळ्या उजळत आणि तो मार्ग छायाचित्रात नोंदला जाई.

या प्रयोगात न्यूट्रिनोजन्य म्यूऑन सापडल्याचा शोधनिबंध ऑगस्ट 1965 च्या मध्यावर प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक राइन्स यांच्या गटाने असाच शोध लावला होता. त्यांनी पहिली घटना फेब्रुवारीतच टिपली होती, पण त्यांचा निबंध ऑगस्टअखेरीस आला. वातावरणीय न्यूट्रिनोच्या शोधाचे श्रेय दोन्ही गटांना दिले जाते.

1980 मध्ये कोलारला प्रोटॉनचे विघटन शोधण्यासाठी सुमारे 140 टनांचे उपकरण बसवण्यात आले. काही संभाव्य घटना आढळल्याचे जाहीर झाले, पण इतरत्रच्या मोठ्या उपकरणांनी त्यांना दुजोरा दिला नाही. वातावरणीय न्यूट्रिनोचे पुढचे मोठे यश जपानला लाभले. 1998 मध्ये सुपर-कामिओकांडे प्रयोगाने न्यूट्रिनो प्रवासात आपला प्रकार बदलतात हे दाखवले. त्यावरून त्यांना वस्तुमान असते हे स्पष्ट झाले.

तोवर कोलारमधील प्रयोग थांबले होते. सोने काढणे परवडेनासे झाल्याने 2001 मध्ये खाणही बंद झाली आणि खोलवरचे बोगदे पाण्याखाली गेले. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने 2015 मध्ये मंजुरी दिली, पण स्थानिक विरोध आणि न्यायालयीन वाद यांत ती योजना अडकली. झारखंडच्या जादूगुडा येथील भूमिगत प्रयोगशाळा पुन्हा एका चालू खाणीतच, युरेनियमच्या खाणीत, आहे आणि तिची खोली सुमारे 555 मीटरच आहे. खाणीच्या आश्रयाने संशोधन स्वस्तात सुरू होते, पण त्याचे आयुष्य खाणीच्या नफातोट्यावर अवलंबून राहते. दीर्घ पल्ल्याच्या प्रयोगांसाठी देशाला स्वतंत्र आणि कायमस्वरूपी खोल प्रयोगशाळाच हवी.