रामलिंगच्या घाटातले सोपान

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून तहानलेल्या लातूरसाठी पाण्याची गाडी निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत ती बालाघाटाचा चढ चढली आणि येडशीवरून पुढे गेली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या. प्रत्येक वाघिणीत ५० हजार लिटर, म्हणजे सारं मिळून ५ लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली आणि एका खेपेला २५ लाख लिटर पाणी येऊ लागलं. माणशी दिवसाला २० लिटर धरले तर एवढं पाणी किती जणांना पुरेल? सव्वा लाख माणसांना, तेही एकच दिवस. रुळांच्या कडेला उभं राहून मुलांनी हा हिशेब तोंडी करावा, याला स्काऊटच्या अभ्यासक्रमात ‘अंदाज’ म्हणतात. झाडाची उंची, नाल्याची रुंदी, जमावातली माणसं, विहिरीतलं पाणी यांचा मोजपट्टीशिवाय अदमास घेणं ही त्या अभ्यासक्रमातली एक रीतसर चाचणी आहे.

ही चाचणी वर्गात बसून देता येत नाही. खरं तर स्काऊटची बहुतेक कोणतीच चाचणी वर्गात देता येत नाही. त्या दृष्टीने धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीसारखं गाव भाग्याचं म्हणायला हवं. गावापासून पायी जाण्याच्या अंतरावर रामलिंगचा घाट आहे. दरीत महादेवाचं जुनं मंदिर आहे, पावसाळ्यात कोसळणारा धबधबा आहे, आवारात माकडांची वस्ती आहे. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाला जटायूने इथेच अडवलं अशी आख्यायिका असून त्याची समाधीही इथे दाखवतात. मंदिराभोवतीचं पानगळीचं जंगल १९९७ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालं. त्याचं क्षेत्र जेमतेम २२ चौरस किलोमीटर आहे. ताडोबा पाहिलेल्या माणसाला ते चिमुकलं वाटेल, पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते पुरून उरतं.

या घाटाला बाहेरच्या जगाशी पहिल्यांदा जोडलं ते छोट्या गाडीने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीला आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. वाटेत येडशीचं स्थानक होतं. बार्शी इंग्रजी अमलात आणि येडशी निजामाच्या राज्यात, त्यामुळे काही मैलांच्या या चढात प्रवासी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे.

त्याच सुमारास, १ ऑगस्ट १९०७ रोजी, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल या लष्करी अधिकाऱ्याने वीसेक मुलांचा तळ टाकला आणि स्काऊट चळवळीची सुरुवात झाली. त्यांत महागड्या निवासी शाळांतली मुलं होती आणि कष्टकऱ्यांचीही होती. त्यांचे चार संघ पाडले. लांडगा, बैल, डोमकावळा आणि कर्ल्यू नावाचा पाणपक्षी अशी त्यांची नावं. प्रत्येक संघाचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा होता. मोठ्या माणसाने हुकूम सोडायचे आणि मुलांनी ते पाळायचे ही जुनी रीत इथे मोडली. आजही सहा ते आठ मुलांचा संघ हाच पथकाचा कणा आहे. स्काऊटचे संघ प्राण्यांच्या नावाने आणि मुलींचे, म्हणजे गाईडचे, फुलांच्या नावाने ओळखले जातात. शाळांमधून सिंह आणि चित्ता ही नावं सर्रास दिसतात. येडशीच्या मुलांनी मात्र लांडगा, तरस, मोर आणि चिंकारा अशी नावं घ्यावीत. हे सारे प्राणी त्यांच्या शेजारचे आहेत आणि ब्राउनसीवरचा पहिला लांडगा त्यात आपोआप येतो.

हिंदुस्थानात ही चळवळ आली तेव्हा तिचं दार हिंदी मुलांना बंद होतं. १९०९ मध्ये बंगळुरात सुरू झालेलं पथक गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं होतं. माग काढणं, निरोप पोचवणं, नकाशा वाचणं या कला हिंदी तरुणांच्या हाती गेल्या तर त्या सरकारवरच उलटतील, अशी भीती राज्यकर्त्यांना वाटत होती. ते दार बाहेरून ढकलणाऱ्यांत एक नाव आपल्या शेजारचं आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले विव्हियन बोस यांनी मध्य प्रांतात हिंदी मुलांसाठी हे काम सुरू केलं. १९१३ मध्ये शाहजहाँपूरला श्रीराम वाजपेयींनी आपलं पथक काढलं. १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट यांनी स्वतंत्र संघटना उभारली, तर अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांच्या पाठबळावर सेवा समितीची स्काऊट संघटना वाढली. मराठीत या मुलांना ‘बालवीर’ म्हटलं जाई. स्वातंत्र्यानंतर या वेगवेगळ्या चुली एक झाल्या आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना जन्माला आली. पुढच्या वर्षी मुलींची गाईड संघटनाही तिच्यात आली. हैदराबाद संस्थान मुक्त होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. म्हणजे येडशी आणि ही राष्ट्रीय संघटना, दोघींनीही स्वतंत्र भारतातला आपला प्रवास जवळपास बरोबरच सुरू केला.

आता स्काऊटच्या अभ्यासक्रमाच्या शिडीकडे वळू. दहा वर्षांच्या आतली मुलं-मुली कब आणि बुलबुल असतात. दहाव्या वर्षानंतर स्काऊट आणि गाईड. आधी ‘प्रवेश’: वचन, नियम, तीन बोटांची सलामी, डाव्या हाताचं हस्तांदोलन आणि रोज एक सत्कृत्य. मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान. त्यानंतर राज्य पुरस्कार आणि सर्वांत वर राष्ट्रपती पुरस्कार. दोन पायऱ्यांमध्ये काही महिन्यांचं अंतर सक्तीचं असतं, कारण शिकलेलं अंगी मुरायला वेळ लागतो. शिवाय प्रथमोपचार, स्वयंपाक, पोहणं, सायकल अशी प्रावीण्य पदकं मिळवावी लागतात. पाचवी-सहावीत सुरुवात केलेल्या मुलाचा शेवटच्या पुरस्कारापर्यंत जाण्यात माध्यमिक शाळेचा बहुतेक काळ जातो.

या शिडीतल्या पहिल्या काही गोष्टी मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला घरातच मिळालेल्या असतात. गाठींचंच पाहा. पुस्तकात क्लोव्ह हिच म्हणून जी गाठ येते, तिच्याच जातीचा वेढा देऊन खुंट्याला दावं बांधतात. शीट बेंड कमीजास्त जाडीचे दोन दोर जोडते, आणि कासरा तुटला की नेमकी तीच वेळ येते. रीफ नॉट सपाट बसते, रुतत नाही, म्हणून ती जखमेच्या पट्टीला. बोलाइनचा फास कितीही ताण आला तरी आवळत नाही, म्हणून विहिरीत पडलेल्या माणसाला वर घेताना तिचाच भरवसा. कोरडवाहू मुलखातल्या खोल विहिरी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या शेवटच्या गाठीचं मोल वेगळं सांगायला नको. मास्तरांनी फळ्यावर आकृती काढण्यापेक्षा एखाद्या आजोबांना दाव्यासकट मैदानात बोलवावं. गाठ मुलांच्या हातात लवकर बसेल आणि आजोबांनाही आपल्या हातातल्या कसबाचा मान मिळेल.

स्वयंपाकाची चाचणी तर या भागाच्या सणातच आहे. वरच्या सोपानांत उघड्यावर चूल मांडून, प्रसंगी भांड्यांवाचून रांधायला शिकवतात. लातूर-धाराशिवकडे येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, शेतात साजरी होते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, पूजा मांडायची, मग भज्जी, आंबिल आणि बाजरीचे उंडे. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. हुरड्याच्या दिवसांत गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली जातात. त्याच आरात वांगी आणि रोडगेही भाजून निघतात. कोप उभारणं आणि दोर-काठ्यांचा तिवई-मनोरा बांधणं यांत तत्त्वाचा फरक नाही, बांधकाम तेच आहे. स्काऊट पथकांच्या शिबिरात शहरातून आणलेले तंबू आणि आचाऱ्याच्या हातची पुरीभाजी असते तेव्हा वाईट वाटतं. हिवाळी शिबिर येळवशीच्या आगेमागे, एखाद्या शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या मळ्यात भरवलं, तर निम्मा अभ्यासक्रम त्या मुक्कामात पुरा होऊ शकतो.

रात्री आकाश असतंच. ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर दिसेल ते त्या जागेच्या अक्षांशावर ठरतं. येडशीला तो १८ अंशांच्या आसपास, म्हणजे बराच खाली असतो. हात पुढे ताणून मूठ धरली की सुमारे १० अंश मोजले जातात. उत्तरेच्या क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या, तर ध्रुव दुसऱ्या मुठीच्या आतच सापडतो. युरोपातल्या पुस्तकांत तो डोक्याकडे बराच वर दाखवलेला असतो. ते चित्र पाठ करून आलेला मुलगा इथे चुकीच्या उंचीवर शोधत राहतो.

पण येडशीचं खरं वैभव माग काढण्यात आहे. मांजरकुळातला प्राणी चालताना नखं आत ओढून घेतो, त्यामुळे बिबट्याच्या ठशात नखांची खूण सहसा नसते. कुत्रा आणि लांडगा यांच्या ठशात ती असते. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा उमटतो. पावसाळ्याअखेरचा चिखल आणि हिवाळ्यातली मऊ धूळ, या दोन्ही ऋतूंत ठसे उत्तम उठतात. त्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतून साचा घेतला की शाळेच्या कपाटात संग्रह जमू लागतो. दगड, काड्या आणि गवताच्या गाठींनी वाट दाखवणाऱ्या मार्गखुणाही इथेच शिकायच्या. त्यातली वर्तुळात टिंब असलेली खूण ‘मी घरी गेलो’ असं सांगते. केनियातल्या न्येरी गावी बेडन-पॉवेलच्या थडग्यावर तीच कोरलेली आहे.

या जंगलात डिसेंबर २०२४ मध्ये एक अनपेक्षित ठसा उमटला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण नर वाघ चारशेहून अधिक किलोमीटर चालत येडशीच्या अभयारण्यात पोचल्याचं कॅमेऱ्यात दिसलं. पिढ्यान् पिढ्या वाघ न पाहिलेल्या या मुलखात खळबळ उडाली. पुढे तो धाराशिव-बार्शीच्या शिवारांत फिरत राहिला, जनावरं मारली गेली, त्याला पकडण्याचे प्रयत्नही झाले. वाघ ज्या काळात त्या परिसरात वावरत असतो, त्या काळात मुलांना तिथे नेणं हा वेडेपणा ठरेल. तेव्हा वनविभागाचा शब्द अखेरचा. मात्र शेळ्यांची दावण, गुराख्याची वाट आणि वाघाचा संचार यांचा नकाशा गावात बसून काढायला कुणाची आडकाठी नाही. नकाशावाचनाला याहून जिवंत विषय मिळणार नाही.

वाघ नसतानाही नियम आहेतच. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे अभयारण्यात जाण्यासाठी परवानगी लागते आणि त्याला धोका होईल अशी आग तिथे पेटवता येत नाही. त्यामुळे शेकोटी, चूल आणि रात्रीचा मुक्काम अभयारण्याच्या हद्दीबाहेर ठेवायचा. आत फक्त दिवसाची पायपीट, वनरक्षक बरोबर घेऊन. या बंधनाने बिघडत काही नाही. पानगळीच्या जंगलात फेब्रुवारीनंतर पाचोळा कसा पेटतो आणि जाळरेषा कशासाठी आखतात, हे वनरक्षकाकडून ऐकलेला मुलगा पुढे आपल्या बांधावरही काडी विचार करून ओढतो.

प्रथमोपचाराकडे या जिल्ह्याने औपचारिकता म्हणून पाहू नये. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर या पट्ट्यातली दगडमातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. बाहेरची मदत पोचायच्या आधी ढिगारे उपसले ते आसपासच्या गावकऱ्यांनी, हातांनी. मोडलेल्या हाताला काठीचा आधार बांधणं, दोन लाठ्या आणि घोंगडी यांची डोली करणं, पाठीला मार लागलेल्याला वेडंवाकडं न उचलणं, या गोष्टी तृतीय सोपानापर्यंतच्या मुलाला यायला हव्यात. सर्पदंशाचंही तसंच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत. जुन्या पुस्तकांत जखम चिरायला आणि करकचून आवळपट्टी बांधायला सांगत. आता तसं करू नये असं वैद्यक सांगतं. दंश झालेला अवयव हलू न देता माणसाला लवकरात लवकर प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. पथकाने आपल्या गावाजवळ ते कुठे मिळतं याची चौकशी करून ठेवली, तर त्या एका कामाला दहा संचलनांची किंमत आहे.

मग अडतं कुठे? बहुतेक ठिकाणी पथक एका शिक्षकावर उभं असतं. तो बेसिक, ॲडव्हान्स अशी प्रशिक्षणं घेतो, काही जण हिमालय वूड बॅजपर्यंत जातात, आणि बदली झाली की पथक नावापुरतं उरतं. दुसरी अडचण गुणांची. राज्य आणि राष्ट्रपती पुरस्कारांसाठी दहावीला सवलतीचे गुण आहेत. रेल्वेत स्काऊट-गाईडसाठी नोकरभरतीचा स्वतंत्र कोटा आहे आणि त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मोलाचा ठरतो. रुळांच्या कडेला वाढलेल्या येडशीच्या मुलांना ही संधी ठाऊक असायलाच हवी. पण केवळ गुणांसाठी सोपान चढवले जातात तेव्हा नोंदवही भरते आणि मूल एकदाही रात्रीच्या आकाशाखाली झोपलेलं नसतं. अशा मुलाची राज्यस्तरीय चाचणी शिबिरात फजिती होते, आणि तिचा दोष त्याच्याकडे नसून त्याला बाहेर न काढणाऱ्या मोठ्यांकडे जातो.

मुलींच्या बाबतीत हा अडसर दुप्पट. मुक्कामाच्या शिबिराला पाठवायला घरचे कचरतात, म्हणून अनेक गाईड द्वितीय सोपानापाशी थांबतात. येडशीहून बसने एका दिवसात गाठता येणाऱ्या पुण्यात, आळंदी रस्त्यावर, जगभरच्या गाईड चळवळीचं ‘संगम’ हे केंद्र १९६६ पासून उभं आहे. अशी जागतिक केंद्रं मोजकीच आहेत आणि त्यातलं एक मराठी मुलखात आहे. गावातल्या आयांना पालकसभेच्या निमित्ताने एकदा तिथे नेऊन आणावं आणि पहिल्या मुक्कामाला शिक्षिकेबरोबर दोन आयांनीही यावं. येळवशीला कोपीजवळ आया असतातच. शिबिरात त्यांच्यासाठी आणखी दोन सतरंज्या टाकाव्या लागतील एवढंच.