बीपी आणि सर्दीची गोळी: आधी ‘डी’ बघा
भारतातून आलेल्या आईबाबांना बीपी आहे आणि इथे अमेरिकेत सर्दी झाली, तर गोळी आणताना नावापुढचा ‘डी’ आधी बघा. क्लॅरिटिन-डी, म्युसिनेक्स-डी यांत स्यूडोएफेड्रिन असतं. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आवळून चोंदलेलं नाक मोकळं करतं. पण बाकीच्या शरीरातल्याही आवळतात, आणि बीपी चढतं. २००६पासून ते काउंटरमागे ठेवतात, पण ते बीपीमुळे नव्हे. त्यापासून मेथ बनवतात म्हणून! समोरच मिळणाऱ्या फिनाइलेफ्रिनवरही बीपीचा इशारा असतो. शिवाय त्याची गोळी नाक मोकळं करत नाही, असं २०२३मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीनं एकमतानं सांगितलं. अंगदुखीसाठीचं आयबुप्रोफेनही बीपी वाढवू शकतं. नाकाला मिठाच्या पाण्याचा स्प्रे बरा. बाकी काही घेण्याआधी फार्मासिस्टला बीपीच्या गोळ्यांची नावं सांगून विचारा. त्याचे पैसे पडत नाहीत.