साखर सोडली, तरी शुगर का वाढते?

वस्तीत तपासणीला गेलो की आम्हाला हमखास ऐकू येतं, "सिस्टर, चहा बिनसाखरेचा पितो, तरी शुगर दोनशेच्या खाली येत नाही." मग आम्ही ताटाची चौकशी करतो. तीन भाकऱ्या, वर भात, सोबत बटाट्याची भाजी. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तिच्यातल्या पिठूळ भागाचीही पोटात साखरच होते. (गूळ चालतो, हा तर निव्वळ गैरसमज.) अर्धं ताट मेथी, गवार, कोबी, काकडीनं भरा. पाव भागात डाळ, उसळ, अंडं किंवा मासा. उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात, दोन्ही नको. जेवल्यावर आडवं न होता दहा-पंधरा मिनिटं चाला. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात.

आम्हाला खरी काळजी वाटते ती गोळी घेऊन उपाशीपोटी कामावर जाणाऱ्या बायांची. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिननं अशा वेळी साखर एकदम खाली येते. घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी. हो, मधुमेह असला तरी! पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा प्यावी, आणि बरं वाटताच जेवून घ्यावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा.