पोह्यांच्या डब्यामागची गोळी

मागच्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि आमच्याकडे पुतणीसाठी स्थळं यायला लागली. पोह्यांचा डबा काढायला म्हणून मी मोठ्या जाऊबाईंच्या फळीवर हात घातला, तर मागे औषधाची पाकिटं! तारखेचा हिशेब लावला. तब्बल सतरा गोळ्या घ्यायच्या राहिल्या होत्या.

"ताई, हे काय?"

"हळू बोल गं, पाहुणे बसलेत बाहेर," म्हणत त्यांनी आधी दार लोटलं.

चार वर्षांपूर्वी ताईंना सारखा थकवा यायचा, रात्री घाम फुटायचा, डाव्या बरगडीखाली जड वाटायचं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी लाखाच्या वर. निरोगी माणसात त्या साधारण चार ते अकरा हजार असतात. पुण्याला पुढची तपासणी झाली आणि नाव कळलं, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. रक्ताचा कॅन्सर. घरात चूल पेटली नाही त्या दिवशी. पण डॉक्टर म्हणाले, "याला गोळी आहे. रोज एक. नेमानं घेतलीत तर नातवंडं खेळवाल."

या गोळीची कहाणी मोठी आहे. 1960 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. त्याला गावाचंच नाव पडलं, फिलाडेल्फिया क्रोमोझोम. पण त्याचा तुटलेला तुकडा गेला कुठे? हे कोडं उलगडलं शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी. चार मुलांची ही आई मुलं लहान असताना अर्धवेळच काम करायची. गुणसूत्रांचे फोटो घरी आणायचे, कापायचे आणि जेवणाच्या टेबलावर जुळवत बसायचं. आई कागदाच्या बाहुल्या खेळते, म्हणून मुलं चिडवायची! त्याच टेबलावर त्यांच्या लक्षात आलं, की नऊ आणि बावीस क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापली टोकं अदलाबदल केली आहेत. 1973 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

या अदलाबदलीत दोन जनुकं चुकून जोडली जातात आणि एक बिघडलेलं प्रथिन तयार होतं. पाण्याच्या मोटरचं बटण अडकून बसावं आणि टाकी भरून वाहतच राहावी, तशा पांढऱ्या पेशी वाढत सुटतात. इमॅटिनिब नावाचं औषध नेमकं त्या बटणाच्या खाचेत जाऊन बसतं. केमोथेरपीत चांगल्या पेशीही भरडल्या जातात, इथे नेम मुख्यतः त्या एका बिघाडावर. डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी 1998 पासून रुग्णांवर चाचण्या घेतल्या आणि 2001 च्या मे महिन्यात अमेरिकेत ते मंजूर झालं.

आपल्याकडे प्रश्न होता पैशांचा. मूळ कंपनीचं औषध महिन्याला लाखाच्या घरात, तर भारतीय कंपन्यांचं आठ-दहा हजारांत. पेटंटचा वाद सुप्रीम कोर्टात गेला. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन रुग्णांच्या बाजूनं लढली. 1 एप्रिल 2013 ला कोर्टानं पेटंट नाकारलं आणि स्वस्त गोळीची वाट मोकळी राहिली.

इतक्या जणांनी खपून आणलेली गोळी, आणि आमच्या ताई ती पोह्यांच्या डब्यामागे लपवत होत्या! का? तर "आईला कॅन्सर आहे कळलं तर पोरीला कोण करून घेईल? रक्तातलं आहे म्हणतील." घरात पाहुणे असले की त्या गोळी टाळायच्या. शिवाय बरं वाटत होतंच.

तपासणीत बीसीआर-एबीएलचा आकडा वर सरकलेला निघाला. डॉक्टर रागावले नाहीत, पण स्पष्ट बोलले. महिन्यात तीन-चार गोळ्या चुकल्या तरी आजार डोकं वर काढू शकतो. आणि हा बिघाड जन्मजात नसतो, हाडाच्या मगजातल्या एका पेशीत पुढे कधीतरी होतो. तो आईकडून लेकीकडे जात नाही.

पुढचं स्थळ आलं, तेव्हा ताईंनी स्वतःच सांगून टाकलं. मुलाच्या आईनं विचारलं, "मुलीला नाही ना होणार?" आम्ही डॉक्टरांशी फोन जोडून दिला. आठ दिवस निरोप नव्हता. ते आठ दिवस कसे काढले, आमचं आम्हाला ठाऊक. नवव्या दिवशी होकार आला. तीन महिन्यांनी ताईंचा आकडाही खाली आला.

मैत्रिणींनो, घरात कुणाला ही गोळी चालू असेल तर ती भरल्या पोटी, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्या. डोळ्यांभोवती सूज आली, पायात गोळे आले तर डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद करू नका. गोळी थांबवता येते का, हेही तेच ठरवतील. मूल हवं असेल तर आधी त्यांच्याशी बोला, कारण गरोदरपणात हे औषध सहसा चालत नाही.

आता ताईंची गोळी लोणच्याच्या बरणीशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी असते. ताट वाढलं की जावईबापूच आठवण करतात, "आई, गोळी!"